उतारावरचा पुरुषार्थ

साताऱ्याची डोंगरी हाफ मॅरेथॉन पुरी करून आलेल्या गृहस्थास पदक गळ्यात घालून हिंडण्याची मुभा फार तर त्या दिवशीच्या सायंकाळपर्यंत असते. पुढे ते काढून ठेवणेच सभ्यतेस धरून होते. परंतु निसर्ग कनवाळू असल्यामुळे छातीवरचा दाखला उतरताच तो मांड्यांत दुसरा बसवून देतो, आणि हा दाखला पुढे दोन-तीन दिवस चारचौघांत लंगडून दाखविता येतो. मी तो यथाशक्ति दाखविला. बँकेत दाखविला, वाण्याकडे दाखविला, एका बारशालाही दाखविला. लंगडण्यात पदरची थोडी भर पडलीच असेल. पण बारशाला एका वृद्ध गृहस्थांनी माझ्या संधिवाताची आपुलकीने चौकशी करून तेलाचे नाव सुचविले, तेव्हा भर नेमकी कोठे चुकली याचा मी बराच वेळ विचार करीत होतो.

खरी पंचाईत निराळीच होती. जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन, तिची फी भरलेली, ती परत मिळण्याची तजवीज नियमावलीत नाही. आणि नेमक्या त्याच मोसमात आमच्या कोचसाहेबांचे फर्मान सुटले की तूर्त धावणे तहकूब. आधाराला त्यांनी न्यूझीलंडच्या जॅक फॉस्टर यांच्या नावावर चालत आलेला नियम दाखविला : शर्यतीतल्या प्रत्येक मैलामागे एक दिवस कष्टाच्या सरावास रजा. या फॉस्टरसाहेबांनी 1974 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, वयाच्या 41 व्या वर्षी, 2 तास 11 मिनिटांत मॅरेथॉन धावून रौप्यपदक मिळविले होते. त्यांच्या चरित्रातील वयाचा भाग मला पूर्वीपासून मान्य होता. रजेचा भाग मी प्रथमच ऐकत होतो. हाफ मॅरेथॉनचे मैल तेरा. घरी हा हिशेब सांगताच पत्नी म्हणाली, "म्हणजे तेराव्यापर्यंत सुतक पाळायचं तर!"

सुतक परवडले, त्यात निदान लोक भेटावयास येतात. येथे मी पलंगावर, आणि भ्रमणध्वनीतल्या स्ट्राव्हा नामक चव्हाट्यावर क्लबातली समस्त मंडळी रोज पहाटे आपापले किलोमीटर जमा करीत आहेत. माझ्या नावापुढची रिकामी जागा जणू सर्व मुलखास दिसते आहे, असा मला भास होई. वस्तुतः ती कोणी पाहत नव्हते, आणि दुःखाचे मूळ तेच होते.

आता या मांड्यांच्या फिर्यादीचा तपास केला पाहिजे. धावपटूंच्या कित्येक पिढ्यांनी हा गुन्हा लॅक्टिक आम्लावर लादला. पण ते बिचारे धाव संपल्यावर तासा-दोन तासांतच रक्तातून निघून गेलेले असते, आणि दुखणे भरास येते ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. थिओडोर हफ या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने 1902 सालीच स्नायूच्या आत होणाऱ्या सूक्ष्म इजेकडे बोट दाखविले होते. उतरताना देहाचा भार तोलण्यासाठी मांडीचा पुढचा स्नायू एकाच वेळी लांबतही असतो आणि आवळून धरीतही असतो, आणि या ओढाताणीत त्याचे बारीक तंतू दुखावतात. सारांश, यवतेश्वराच्या घाटाचा चढ निर्दोष होता. परतीच्या उतारावर तरुण पोरांना मागे टाकीत मी जो पुरुषार्थ गाजविला, त्याची ही वसुली होती.

आमच्या इतिहासाला चढणाऱ्यांचे फार कौतुक. कोंढाण्याचा कडा मावळे कसे चढले हे शाळेतले पोरही सांगेल. उतरण्याचे नाव निघते ते एका हिरकणीचे. आख्यायिका अशी की, रायगडावर दूध घालावयास आलेली ही गवळण दरवाजे बंद झाल्यामुळे अडकली आणि घरच्या तान्ह्यासाठी काळोखात कडा उतरून गेली. महाराजांनी तेथे बुरूज बांधविला. येथवर सर्वांस ठाऊक आहे. मला पलंगावर पडल्या पडल्या छळणारा प्रश्न पुढचा : तिसऱ्या दिवशी हिरकणीच्या मांड्यांची काय दशा झाली? कारण गाईंना सुतक ठाऊक नाही. धार काढण्यास उकिडवे बसावयाचे, पोर कडेवर, आणि दुधाची चरवी घेऊन पुन्हा गड चढावयाचा व, हाय हाय, पुन्हा उतरावयाचा! तिला कोणी फोम रोलर दिला नाही, मैलामागे रजा मंजूर केली नाही. बखरकारांपैकी एकाने जरी जिना उतरून पाहिला असता, तर बुरुजाबरोबर तिला आठवड्याची भरपगारी रजाही इतिहासात मिळाली असती.

जिना मला उतरावा लागला तो आईबरोबर, तिला दवाखान्यात नेताना. मी कठड्याला बिलगून, तोंड भिंतीकडे करून, खेकड्यासारखा आडवा उतरत होतो. आणि वर पाहतो तो आईही तशीच उतरते आहे. ती तशी कित्येक वर्षे उतरते. मी नेहमी पुढे जाऊन खालून "आई, चल गं लवकर!" म्हणून हाका मारीत आलो; तिचे गुडघे पाहण्याइतका मागे मी कधी राहिलोच नव्हतो. हे कळल्यावर मला काही सुचेना.

तिला मात्र सुचले. "अरे, चढताना चांगला पाय आधी टाकावा, उतरताना दुखरा," ती म्हणाली.

"आणि दोन्ही दुखरे असले तर?"

"मग घाई करू नये."

दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत मी तिला मुंबईच्या शर्यतीची हकिकत मोठ्या रंगात सांगितली : हाजी अलीनंतर, अंगातले सारे बळ संपल्यावर, पेडर रोडचा तो कुप्रसिद्ध चढ कसा येतो आणि भल्याभल्यांना कसा चालावयास लावतो.

"चढाचं राहू दे. पुढे उतार असेल ना?"

"आहे. केम्प्स कॉर्नरकडे."

"कठडा आहे का तिथं?"

आयोजकांच्या नकाशात त्याचा उल्लेख नाही.