'साधाच द्या' म्हणू नका

"आई-वडिलांसाठी हवाय. त्यांना काय लागतं? साधाच द्या."

पुण्याहून सुट्टीला आलेला मुलगा सोलापूरच्या दुकानात हे बोलतो आणि सौदा तिथेच फसतो. दुकानदार सेलेरॉन प्रोसेसरचा, ४ जीबी रॅमचा, २०-२५ हजारांचा लॅपटॉप काढतो, वर बॅग फुकट देतो. लॅपटॉप अक्कलकोट रस्त्याने वळसंगला पोचतो आणि थोड्याच दिवसांत कपाटात जातो. घरचे म्हणतात, बाबांना जमत नाही. बाबाही मान डोलावतात. राग येतो तो याचाच. जमत नसतं ते त्या यंत्राला आणि ठपका बसतो वयावर.

लॅपटॉप अडकला की तरुण माणूस यंत्राला शिव्या घालतो आणि ते बंद करून पुन्हा सुरू करतो. सत्तरीतला माणूस क्लिक करतो, काही हलत नाही म्हणून पुन्हा करतो. मग चार खिडक्या एकदम उघडतात आणि आपल्याच हातून काहीतरी बिघडलं या धास्तीने तो हात आवरतो. तेव्हा हिशोब उलटा धरा. ज्याला सवय कमी, त्याला यंत्र जास्त चपळ लागतं.

मग घ्यायचं काय? रॅम ८ जीबी, त्याखाली उतरूच नका. साठवणीला एसएसडी, २५६ जीबी चालेल, ५१२ उत्तम. अगदी स्वस्तातल्या लॅपटॉपमध्ये ६४ जीबीची ईएमएमसी असते. ती बोर्डावरच झाळलेली, नंतर बदलता येत नाही. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी जागा हवी, असं मायक्रोसॉफ्टच सांगते. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच जागेची ओढाताण. प्रोसेसर इंटेलचा आय थ्री १२१५यू किंवा एएमडीचा रायझन थ्री ७३२०यू या तोडीचा असला की बँक, सातबारा, यूट्यूबवरचं कीर्तन, नातवाचा व्हिडिओ कॉल सगळं निभतं. हा माल ४० हजारांच्या आसपास मिळतो. आय सेव्हनची गरज नाही आणि खेळासाठीच्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची तर मुळीच नाही.

पडद्यावर मात्र कंजुषी नको. १५.६ इंच, फुल एचडी आणि आयपीएस. दुकानात लॅपटॉप उघडायला लावा आणि बाजूला सरकून तिरकं बघा. स्वस्त टीएन पडद्याचे रंग कोनातून पार बदलतात. नवरा-बायको शेजारी बसून नातवाला बघणार, म्हणजे एकाला तरी तो कोनातूनच दिसणार. अक्षरं विंडोजच्या सेटिंगमधून १२५ किंवा १५० टक्के करून द्या. टचपॅडवर थरथरत्या बोटांचे हाल होतात, त्यामुळे माउस हवाच.

पैसे वाचवायचेच तर इथे वाचवा. वेगळा अँटिव्हायरस नको, विंडोजमधला डिफेंडर घरच्या कामाला पुरतो. दरवर्षी पैसे मागणारं ऑफिस नको, लिब्रेऑफिस फुकट आहे आणि त्यात मराठी उत्तम लिहिता येतं. निव्वळ हयातीच्या दाखल्यासाठी तर लॅपटॉप घेऊच नका. जीवन प्रमाणला नोव्हेंबर २०२१ पासून अँड्रॉइड फोनवर चेहरा दाखवून भागतं. लॅपटॉपवर तोच दाखला काढायचा तर बोटांचे ठसे किंवा डोळ्यांची बुबुळं टिपणारं वेगळं यंत्र लागतं.

जुना लॅपटॉप घेणं वाईट नाही, फसणं वाईट. "आय फाइव्ह आहे साहेब, १५ हजारांत देतो," असं कुणी म्हटलं की पुढचा आकडा वाचा. आय फाइव्ह ६२००यू म्हणजे सहावी पिढी. विंडोज ११ साठी इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. सुरक्षेची अपडेट थांबलेल्या यंत्रावर पेन्शनचं खातं उघडायला लावणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे.

दुकानात आणखी एक प्रश्न विचाराच: बिघडला तर माणूस वळसंगला येतो का? पेटीवर 'ऑनसाइट' छापलेलं असतं, पण आपल्या पिनकोडवर सेवा आहे की नाही ते कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावून तिथेच विचारा. नाहीतर दर खेपेला लॅपटॉप पिशवीत घालून एसटीने सोलापूर गाठायची वेळ म्हाताऱ्या माणसांवर येते.

घरी आल्यावर लॅपटॉप पलंगावर नको, टेबलावर ठेवा. सोलापुरी चादरीत खालच्या जाळ्या बुजतात, पंखा घुसमटतो आणि मे महिन्यात इथला पारा तसाही चाळिशी ओलांडतो. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो पण वायफाय बसतं, म्हणून राउटरला छोटा यूपीएस जोडा. या पट्ट्यातल्या कित्येक घरांत मराठीइतकंच कन्नड बोललं जातं. विंडोजमध्ये दोन्ही कीबोर्ड बसवता येतात. इनस्क्रिप्टमध्ये मराठीचा 'क' ज्या बटणावर, त्याच बटणावर कन्नडचाही. एकदा हात बसला की दोन्ही भाषा साधतात.

शेवटचं, आणि याला एक पैसाही लागत नाही. एकाच लॅपटॉपवर दोन खाती उघडा, एक वडिलांचं आणि एक आईचं. बहुतेक घरांत लॅपटॉप 'बाबांचा' होतो आणि आई लांबून बघत राहते. तिचा पासवर्ड तिला ठरवू द्या. दोघांनाही बजावून ठेवा: फोनवरच्या अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून लॅपटॉपमध्ये काहीही उतरवायचं नाही, आणि फसवणूक झालीच तर लाजायचं नाही, ताबडतोब १९३० ला फोन लावायचा. मग दोन-चार संध्याकाळी शेजारी बसा, पण माउस स्वतःच्या हातात घेऊ नका. उशीर लागला तर लागू द्या. तुम्हाला अक्षर गिरवायला शिकवताना त्यांनी घड्याळ पाहिलं नव्हतं.