दशकाची दशक्रिया

२०१०चं दशक ३१ डिसेंबर २०१९च्या मध्यरात्री न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरवर गेलं. एवढी गर्दी उशाशी असूनही तोंडात पाणी घालायला कुणी मिळालं नाही. ज्याचा त्याचा हात मोबाइल उंच धरण्यात गुंतला होता.

मी तेव्हा न्यूजर्सीत लेकीकडे होतो. आपल्या माणसांची रीत अशी, की मयत कुणाचं का असेना, दहावा करायला पुढे आपण. म्हणून तिथल्या एडिसन गावची चार टाळकी कुडकुडत नदीकाठी जमली. गुरुजींनी पोथीऐवजी आयपॅड उघडला, दक्षिणा व्हेन्मोवर चालेल हे आधीच सांगून टाकलं आणि मयताचा जन्म विचारला.

“जानेवारी २०१०,” जावई म्हणाले. “एकवीस तारखेला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला, की निवडणुकीच्या प्रचारात कंपन्यांनी आपल्या परीने हवा तेवढा पैसा ओतावा, ते त्यांचं भाषणस्वातंत्र्य. आणि सत्तावीस तारखेला स्टीव्ह जॉब्झनी पहिला आयपॅड दाखवला.”

गुरुजींनी बोटांवर मोजलं. “म्हणजे जन्मतः पैशाला वाचा फुटली, आणि सहा दिवसांनी सटवाई लिहायला आली ती आयपॅड घेऊनच. योग कडक आहे.”

पिंड मांडले. मयताच्या आवडीचं म्हणून सेल्फी स्टिक, फिजेट स्पिनर आणि अॅव्होकाडो टोस्ट शेजारी ठेवला. समोरच्या निष्पर्ण मेपलवर कावळाही येऊन बसला. पण उतरेना. आत्मा कशात तरी अडकला होता. मग सुरू झालं आपलं नेहमीचं, “काळजी करू नकोस, आम्ही बघतो.”

पहिले सरसावले कुलकर्णी. “बाबा रे, तुझा आरोग्य कायदा आम्ही सांभाळू!” कावळ्याने मान फिरवली. ओबामांनी २०१०मध्ये सही केलेला हा कायदा मोडायला प्रतिनिधी सभेने पन्नासहून अधिक वेळा मतदान केलं. २०१३मध्ये त्याच्यापायी सोळा दिवस सरकारलाच कुलूप लागलं. इतकं करून जो मेला नाही, त्याला आता एडिसनचे कुलकर्णी काय सांभाळणार?

लेक म्हणाली, “तुझे फोटो जपून ठेवू.” तेही पटलं नाही. शंभर वर्षं जगाचे फोटो जपणाऱ्या कोडॅकने जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि एप्रिलमध्ये तेरा माणसांच्या इन्स्टाग्रामला फेसबुकने शंभर कोटी डॉलर मोजले. फोटो जपायचा नसतो, दाखवायचा असतो, हे त्या वर्षी बाजाराने ठरवून टाकलं. पुढच्या वर्षी ऑक्सफर्डने ‘सेल्फी’ला वर्षाचा शब्द म्हणून पाटावर बसवलं.

“तुझी माहिती परक्याच्या हाती जाऊ देणार नाही,” हे ऐकून तर कावळा चक्क हसल्यासारखा वाटला. फेसबुकवरच्या ८ कोटी ७० लाखांपर्यंत लोकांची माहिती केंब्रिज अॅनालिटिकाच्या हाती लागली असावी, हे खुद्द फेसबुकनेच २०१८मध्ये सांगितलं. त्यावर झुकरबर्गना सिनेटपुढे बसवलं, तर ८४ वर्षांच्या एका सिनेटरांनी विचारलं, लोकांकडून पैसे घेत नाही, तर धंदा चालतो कसा? जाहिरातींवर, असं उत्तर मिळालं. बोकडाने खाटकाला चारा फुकट कसा परवडतो विचारावं, तसा प्रसंग. पुढच्या वर्षी पाचशे कोटी डॉलर दंडाची बातमी फुटली आणि त्या दिवशी कंपनीचा शेअर वाढला. आपल्याकडे अशा दंडाला आहेर म्हणतात.

नातू पुढे झाला. “गेम ऑफ थ्रोन्सचा शेवटचा सीझन पुन्हा काढायला लावू!” यासाठी दहा लाखांहून अधिक लोकांनी अर्जावर सह्या केल्या होत्या. त्याच देशात २०१६चा राष्ट्राध्यक्ष विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्वेनियातल्या मिळून ऐंशी हजारांहून कमी मतांनी ठरला होता. मालिकेचा शेवट बदलायला लाखो लोक तयार, राज्याचा शेवट मात्र जो निघेल तो.

“मग त्या सरकत्या जिन्याचं काही आहे का?” गुरुजींनी विचारलं. जून २०१५मध्ये ट्रम्प आपल्याच टॉवरच्या जिन्यावरून खाली उतरले आणि उमेदवारी जाहीर केली. उतरत्या जिन्यावरून माणूस एवढा वर गेल्याचं दुसरं उदाहरण नाही. पण कथा त्याआधीची. एप्रिल २०११मध्ये पत्रकारांच्या मेजवानीत ओबामांनी त्यांची यथेच्छ टिंगल केली, सगळं सभागृह हसलं, आणि ते ताठ बसून राहिले. मयसभेत हसण्याचे परिणाम काय होतात, हे महाभारत वाचणाऱ्यांना सांगायला नको. अमेरिकेने ते वाचलं नव्हतं. तिने टीव्हीवर ट्रम्प यांचं ‘द अप्रेंटिस’ पाहिलं होतं.

तरी कावळा बसलेलाच.

तेवढ्यात मागून एक बाई हलक्या आवाजात म्हणाली, “शाळेतल्या मुलांचं बघू.”

कावळा एका फांदीने खाली आला.

डिसेंबर २०१२, कनेक्टिकटमधलं न्यूटाउन. सँडी हुक शाळेत वीस चिमुरडी आणि सहा मोठी माणसं गोळ्यांना बळी पडली. चार महिन्यांनी बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची तपासणी वाढवण्याचा प्रस्ताव सिनेटमध्ये आला. बाजूने ५४, विरुद्ध ४६, आणि प्रस्ताव पडला, कारण साठ हवी होती. त्यानंतर गोळीबार झाला की नेते शोक आणि प्रार्थना ट्विटरवर टाकत. त्याला साठ मतं लागत नाहीत.

“पुन्हा म्हणा,” गुरुजी म्हणाले. “सगळ्यांनी म्हणा.” कुणी घसा खाकरला. कुणी म्हणालं, इथे राजकारण नको. ह्यूस्टनला सप्टेंबरात पन्नास हजारांच्या गर्दीत मोदी-ट्रम्प यांच्या नावाने घसा बसेपर्यंत ओरडून आलेले जोशी एकाएकी नदीचं पाणी न्याहाळू लागले. माझीही मान खाली गेली. खाली मोबाइल होता.

कावळा पुन्हा वरच्या फांदीवर गेला.

पार्किंगची वेळ संपत आली, तेव्हा गुरुजींनी शास्त्रातली सोय काढली, दर्भाचा कावळा. या मालाचं त्या दशकाला अप्रूप नव्हतंच. २०१६च्या निवडणुकीत असे कितीतरी कावळे रशियातल्या सेंट पीटर्सबर्गच्या एका इमारतीतून अमेरिकन नावं घेऊन उडाले होते आणि त्यांची कावकाव लोकांनी हौसेने शेअर केली होती. गुरुजींनी दर्भ पिंडाला टेकवला. सगळ्यांनी व्हिडिओ काढला. उजेड कमी पडला म्हणून नातवाने पुन्हा टेकवायला लावला.

घरी पोचेपर्यंत त्याला चारशे लाइक आले होते. खालची पहिली प्रतिक्रिया होती, “कावळा अगदी खरा वाटतो.”

मी व्हिडिओ थांबवून पाहिला. खराही त्यात होता, वर कोपऱ्यात, मेपलवर. नातवाने तेवढा भाग कापून पुन्हा टाकला.