कार्बभाऊंचा अर्धा तास

संध्याकाळी आठच्या सुमाराला कोथरूड, ठाणे नाहीतर नाशिकच्या कुठल्याही जिमखाली उभं राहावं. लेग डे उरकलेली मंडळी कठड्याला धरून, कण्हत जिना उतरत असतात. त्यांना ओलांडून जो दोन-दोन पायऱ्या टाकत खाली येतो, तो कार्बभाऊ. बाकीच्यांचा व्यायाम संपलेला असतो. याची खरी धावपळ आत्ता सुरू होते. मनगटावरच्या घड्याळात तीस मिनिटांचा टायमर लागलेला. तेवढ्यात योग्य तो कार्ब, म्हणजे कर्बोदक, पोटात गेला नाही, तर आजचे सगळे स्क्वॉट पाण्यात, अशी त्याची पक्की समजूत.

पहिला थांबा केळ्यांची गाडी.

"मावशी, डाग पडलेली नाहीत का?"

"नाही हो दादा, ती बाजूला काढली. ही बघा, कशी पिवळीधमक."

"नको, डागाचीच द्या."

मावशी एकदा त्याच्या दंडांकडे बघते, एकदा त्याच्या चेहऱ्याकडे, आणि गाईसाठी ठेवलेली फणी टोपलीतून वर काढते. शास्त्र म्हणून भाऊ इथं चुकत नाही. केळं पिकत जातं तसतसं त्यातल्या स्टार्चची साखर होते, आणि ती रक्तात लवकर उतरते. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम कार्ब असतात, हेही त्याला पाठ आहे. दोन केळी तो गाडीपाशीच संपवतो, शेकरमधल्या प्रोटीनच्या घोटाबरोबर आणि घड्याळावरची नजर न हलवता. मावशीला वाटतं, पोराची गाडी चुकतेय.

या घाईचं मूळ १९८८ साली टेक्सास विद्यापीठात झालेल्या एका प्रयोगात सापडतं. जॉन आयव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलपटूंना सत्तर मिनिटं सायकल मारायला लावली. मग एकदा लगेच कार्बचं पेय दिलं आणि एकदा दोन तास थांबून. उशिरा प्यायल्यावर स्नायूंत ग्लायकोजेन साठण्याचा वेग बराच मंदावला. ग्लायकोजेन म्हणजे शरीरानं साठवून ठेवलेलं ग्लुकोज. स्नायूंत चार-पाचशे ग्रॅम, यकृतात शंभरच्या आसपास. पुढे २००४ मध्ये आयव्ही यांचं या वेळापत्रकावर पुस्तकच आलं, आणि जिमच्या आरशासमोर 'अ‍ॅनाबॉलिक विंडो', म्हणजे व्यायामानंतर खाण्याची मोजकी वेळ, हा मंत्र होऊन बसला. २०१३ मध्ये अ‍ॅलन अ‍ॅरागॉन आणि ब्रॅड शोनफेल्ड यांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. ही खिडकी सांगतात तेवढी अरुंद नाही, असं त्यांना दिसलं. भाऊला १९८८ तोंडपाठ आहे. त्या साली त्याच्या आईवडिलांचं लग्नसुद्धा ठरलेलं नव्हतं. २०१३ च्या त्या तपासणीपर्यंत त्याचं वाचन अजून पोचलेलं नाही.

बरं, ही घाई कुणाला खरोखर लागते? ज्याला आठेक तासांच्या आत पुन्हा मैदानात उतरायचंय त्याला. असे खेळाडू पहिले काही तास दर तासाला वजनाच्या किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम कार्ब घेतात. भाऊचा पुढचा व्यायाम उद्या संध्याकाळी, तोही पाऊस नसला तर. मधल्या चोवीस तासांत रात्रीचं जेवण, सकाळचे पोहे, ऑफिसचा डबा आणि चारच्या चहाबरोबरची बिस्किटं हा सगळा कार्बच असतो. पण पोह्यांना कुणी टायमर लावत नाही, म्हणून भाऊच्या लेखी ते मोजणीत धरायचे नाहीत. शिवाय वजनांच्या एका दणकट सत्रात राबलेल्या स्नायूतला साठा फार तर पाव ते चाळीस टक्के उतरतो, आणि भाऊच्या सत्रातला निम्मा वेळ दोन सेटच्या मध्ये मोबाइलवर कार्बविषयी वाचण्यात जातो.

घरी दुसरा अंक. स्वयंपाकघरात मिक्सरशेजारी डिजिटल काटा ठेवलेला असतो. ७० किलो वजन, म्हणून ७० ग्रॅम कार्ब, म्हणजे शिजलेला भात अडीचशे ग्रॅम. काटा २६२ दाखवतो. भाऊ चिमटीनं शितं परत पातेल्यात टाकतो.

"अरे, उष्टं करू नकोस पातेलं!"

"आई, हात धुतलेत. आणि हा भात सकाळचा आहे का?"

"सकाळचा. फोडणी घालून देते की, शेंगदाणे टाकून."

"अगं, गार झालेल्या भातात रेझिस्टंट स्टार्च तयार होतो. तो हळू पचतो. मला आत्ता फास्ट पाहिजे."

"फास्ट पाहिजे तर परवा एकादशी आहे."

एकादशीला भाऊ जो खुलतो, तो दिवाळीतही खुलत नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. रताळं उकडलं तर सावकाश, भाजलं तर झटपट साखर वाढवणारं. उपासाचं अख्खं ताट त्याला ट्रेनरनं आखून दिल्यासारखं वाटतं. देवावर त्याचा फारसा विश्वास नाही, पण ग्लायसेमिक इंडेक्सवर, म्हणजे अन्न रक्तातली साखर किती झटपट वाढवतं त्या मापावर, आहे. १९८१ मध्ये टोरांटोच्या डेव्हिड जेनकिन्स यांनी तो मांडला मधुमेहींच्या आहारासाठी. भाऊ त्याच्यावर दंड वाढवतो.

कोल्हापूरहून आजोबा आले की मात्र पंचाईत होते. त्यांनी तरुणपणी गंगावेस तालमीची माती अंगाला लावलेली. खुराक म्हणजे बदाम-खसखशीची थंडाई, म्हशीचं दूध, भाकरी.

"आजोबा, हौद्यातून बाहेर आल्यावर किती वेळात खायचात?"

"घाम वाळला की."

"आणि किती खायचं, ते कोण मोजायचं?"

"वस्ताद मोजायचे."

"कार्ब?"

"जोर."

अलीकडे भाऊच्या हाती आणखी एक शोधनिबंध लागलाय, आणि तो खरा आहे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना विद्यापीठानं अकरा पुरुषांना दीड तास सायकल मारायला लावली. एकदा त्यांना खेळाडूंसाठीची महागडी पेयं आणि बार दिले, एकदा बर्गर, फ्राइज, पॅनकेक असलं फास्ट फूड. ग्लायकोजेन दोन्ही वेळा सारखंच भरून आलं, नंतरच्या शर्यतीतही फरक पडला नाही. भाऊनं दीड तासाची सायकल वगळून बाकीचा निबंध अंगीकारला. बर्गरला देशी पर्याय त्यानं स्वतःच ठरवला.

सध्या चेस्ट डे झाला की तो केळ्यांची गाडी ओलांडून कोपऱ्यावरच्या वडापावच्या गाडीपाशी जातो. परवा तर बॅगेतून काटाही निघाला.

"काका, दोन द्या. सुकी चटणी कमी, त्यात दाण्याचं फॅट असतं. आणि जरा पाव आधी यावर ठेवा ना."

काकांनी झारा तेलातून काढला. काट्याकडे बघितलं, मागं लागलेल्या रांगेकडे बघितलं.

"भाऊ, तो आत ठेवा. आपल्याकडं नगावर मिळतं."