टिकलीआडचा पाच

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाशी या, इथून मोठ्यानं बोलवत नाही. कोपऱ्यावरच्या काकूंच्या हॉलमधलं ते चित्र... हो हो, सोनेरी फ्रेमचं, क्वेबेकच्या ट्रिपला घेतलेलं. परवा चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येईल तिला सांगत होत्या, "हे फ्रान्स हो!" तर जावई सोफ्यावरूनच म्हणाले, "आई, फ्रान्स कुठलं, ही आपल्या क्वेबेकची प्लास रॉयाल." अहो, काकूंचा चेहरा! आंब्याच्या डाळीची वाटी हातातच राहिली.

काकूंचंही काय चुकलं म्हणा. लिओनार्दोचा तो खोट्या चेकचा सिनेमा, 'कॅच मी इफ यू कॅन', त्यात नाही का हाच चौक फ्रान्समधलं गाव म्हणून खपवलाय!

तर काय सांगत होते... हां, चित्र. त्यात चौकातल्या चर्चला छप्परच नाही, नुसत्या भिंती. १७५९च्या ऑगस्टात इंग्रजांनी नदीपलीकडून तोफगोळे टाकले ना, तेव्हा जळलं. आणि चित्र काढलं कोणी? इंग्रजांच्याच आरमारातल्या रिचर्ड शॉर्टनं! आधी गाव जाळायचं, मग त्याचीच चित्रं लंडनला छापायची. बारा छापली, १७६१ साली. म्हणजे आपल्या पानिपताचं साल. आपल्या पडझडीची अशी कुणी काढली असती तर... जाऊ दे, तो विषय निघाला की आमच्या ह्यांना जेवण जात नाही.

जावई एकदा सुरू झाले की थांबतात थोडेच. म्हणे चौदाव्या लुईचा अर्धपुतळा होता त्या चौकात. १६८६ला तिथले कारभारी शाम्पिनी साहेबांनी बसवलेला, म्हणून तर 'रॉयाल'. पण व्यापारी कुरकुरायला लागले, गाड्यांना अडचण होते म्हणून. झालं! १७००च्या सुमाराला महाराज उचलले, तेही तिकडे ते जिवंत असताना. चित्रात राजा नाही तो त्यामुळे. मग फ्रान्सनं दिलेला नवा १९३१ला बसवला. आणि तुम्ही ज्या जुन्या घरांपुढे सेल्फी काढलात ना, तीसुद्धा १९७०च्या पुढे पुन्हा 'जुनी' केलेली. नंतर चढवलेले मजले उतरवून!

पण खरी गंमत पुढेच. हा शॉर्ट जहाजावरचा पर्सर. रसद नि हिशेब सांभाळणारा माणूस. आणि चित्राखाली छापलंय काय, तर १६९५चा वेढा उठल्याच्या आठवणीत हे चर्च बांधलं. अहो, वेढा १६९०चा! बोस्टनहून इंग्रजांचा फिप्स आला होता, फ्रेंच गव्हर्नर फ्रोंतनाकनं तोफांच्या तोंडानं उत्तर देऊन त्याला परत पाठवला. चर्च तर त्याच्याही आधी, १६८८लाच बांधायला घेतलेलं, विजयाचं नाव मागाहून दिलं. हिशेबनीस तो, आणि पाच वर्षांचा घोळ! अक्षरं कोरणाऱ्यानं केला असेल म्हणा, पण नाव कुणाचं जातं?

जावयांनी सगळ्या बायकांदेखत त्या आकड्यावर बोट ठेवलं. काकू काही बोलल्या नाहीत, आत गेल्या ओटीचं बघायला. आज सकाळी मी डबा परत द्यायला गेले, तर काय सांगू... त्या पाचावर त्यांनी टिकली चिकटवलीय. मरून रंगाची!