मुस्तफाचा सातबारा

आपण एके काळी फायटिंग गेममध्ये अजिंक्य होतो असं सांगत फिरणाऱ्या माणसाला ‘मार्व्हल व्हर्सेस कॅपकॉम २’ बाजारातून नाहीसा होण्याइतकी सोयीची गोष्ट दुसरी नाही. डिसेंबर २०१३मध्ये तो डिजिटल दुकानांतून उतरवला गेला आणि सप्टेंबर २०२४मध्ये परत आला. मधली जवळजवळ अकरा वर्षं माझ्यासारख्यांच्या कीर्तीचा सुवर्णकाळ होता. “तो गेम आता मिळत नाही, नाहीतर दाखवलंच असतं,” हे वाक्य कुठल्याही कॉम्बोपेक्षा जोरात लागतं आणि त्याला बटणही दाबावं लागत नाही. त्यामुळे जुने फायटिंग गेम पुन्हा विकत मिळायलाच हवेत, हे जे मी पुढे म्हणणार आहे, ते माझ्या हिताच्या साफ विरुद्ध आहे. वाचकांनी याची नोंद घ्यावी आणि जमल्यास माझ्या त्यागाचं थोडं कौतुकही करावं.

गेम नाहीसे होण्याची दोन कारणं सांगितली जातात: तंत्र जुनं झालं, आणि आता कोण घेतंय! २०२४मध्ये जे परत आलं ते मुळात २०००चंच आर्केड यंत्रातलं सामान होतं. तेच ५६ लढवय्ये, त्यात वूल्वरिन दोनदा. ऑनलाइन खेळण्यासारख्या सोयी तेवढ्या वरून जोडलेल्या. म्हणजे अकरा वर्षं अडलं होतं ते इंजिनिअरवाचून नव्हे, सहीवाचून. गेम कॅपकॉमचा, त्यातले निम्मे चेहरे मार्व्हलचे, आणि मार्व्हल २००९पासून डिस्नेच्या घरात. करार संपला की कॅपकॉमला स्वतःचाच गेम विकता येत नाही. आणि कोण घेतंय म्हणाल, तर तो सोडा म्हणून खेळणाऱ्यांनी २०२१मध्ये ऑनलाइन मोहीमच चालवली होती. ही आपल्याकडची सामाईक सातबाऱ्याची कथा आहे: जमीन काळीभोर, विहिरीला पाणी, पण एका चुलतभावाची सही मिळेना म्हणून वर्षानुवर्षं पड. फायटिंग गेमला हा रोग जास्त जडतो, कारण कोण कोणाशी भिडणार हेच त्याचं मुख्य आकर्षण, आणि त्यासाठी चेहरे उसने आणावे लागतात. ‘तात्सुनोको व्हर्सेस कॅपकॉम’मध्ये शिंक आली की प्रकट होणारा एक जिन होता, २००८च्या जपानी आवृत्तीतला हा गडी २०१०च्या अमेरिकी आवृत्तीत पोचलाच नाही. शिंकेवर धावून येणाऱ्यालाही कागदपत्रं लागतात.

आता मुस्तफाबद्दल बोललंच पाहिजे. विषय सोडून बोलतोय हे मला ठाऊक आहे. तो दोघांच्या झुंजीचा गेम नाही, रस्ताभर गुंड बडवत पुढे जाण्याचा आहे. पण मराठी माणसाने व्हिडिओ गेम पार्लरवर लिहावं आणि मुस्तफाला वगळावं, हे पाप माझ्याच्याने होणार नाही. यंत्रावरचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉमने तो १९९३मध्ये काढला. मूळ कॉमिकमध्ये नायक आहे जॅक टेनरेक. मुस्तफा त्याचा मित्र. आपल्या पार्लरांनी जॅकला पदच्युत केलं आणि मुस्तफाला नुसता नायक नव्हे, अख्ख्या गेमचं नाव करून टाकलं. त्यासाठी ना निवडणूक झाली, ना कोणी परिपत्रक काढलं, तरी मुंबईतल्या पोराला आणि नागपुरातल्या पोराला ते नाव सारखंच कळत होतं. तिघं एकदम खेळू शकत, त्यामुळे मुस्तफा कोणी घ्यायचा यावरून पडद्याबाहेर जी मारामारी व्हायची ती कित्येकदा पडद्यावरच्यापेक्षा सरस असणार. मी मुस्तफाच घेत असे, हे सांगायला नकोच; कॅरेक्टर निवडण्यात कर्तृत्व असतं अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. तर या मुस्तफाचा सातबारा पाहा. प्रोग्रॅम कॅपकॉमचा, पात्रं मार्क शुल्ट्झच्या कॉमिकमधली, कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. २०१८मध्ये कॅपकॉमने आपल्या अशा सात गेमचा संच काढला, त्यात मुस्तफा नाही. त्याच कंपनीचा, त्याच १९९३चा, मार्व्हलच्या पात्राचा ‘पनिशर’ मात्र २०२४मध्ये सुटला. मार्व्हल सह्या करायला बसलंच होतं, त्यात त्याचाही कागद उरकला. मुस्तफासाठी बसणारं कोणी नाही.

यावर हमखास उत्तर येतं की इम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, सगळं फुकट मिळतं, रडता कशाला? मिळतं, आणि कित्येक गेम तगले ते अशा चोरट्या प्रतींमुळेच, हे मान्य करायला हवं. पण मग या व्यवहारात रिकाम्या हाताने परतणारा एकच उरतो: पैसे काढून उभा असलेला. दुसरे म्हणतात, व्हिडिओ आहेत की. आहेत. २००४च्या ईव्हो या फायटिंग गेमच्या स्पर्धेत ‘थर्ड स्ट्राइक’ खेळताना दाइगो उमेहाराने जस्टिन वाँगच्या चुन-ली या पात्राचे लागोपाठ पंधरा वार परतवले, ते आजही पाहता येतं. पण परतवायचं म्हणजे वार येत असताना मागे न सरता जॉयस्टिक नेमक्या क्षणी पुढे ढकलायची. ते स्वतः करून चुकल्याशिवाय पडद्यावर दिसतो तो फक्त एक न मरणारा माणूस.

आणि इथे मला खरंच राग येतो. सिनेमा एकट्याने पाहिला तरी पुरा होतो. फायटिंग गेम अर्धा यंत्रात असतो आणि अर्धा शेजारी उभ्या असलेल्या माणसात. त्याचं नाव माहीत नसतं, पण तो उडी कधी मारतो ते पाठ असतं. गेम विक्रीतून गेला की नवे प्रतिस्पर्धी तयार होणं थांबतं. जुने जाणकार उरतात, त्यांची बोटं मंदावतात, आणि कोणाला हरवलं तर ते जिंकणं ठरेल हे कळणारी माणसं कमी होत जातात. मालकाची मर्जी म्हणावं, तर इथे मर्जी कोणा एकाची नाहीच. प्रत्येकाकडे फक्त नकार आहे, आणि त्या नकारातून कोणाला दमडीही मिळत नाही. करार संपल्यावर नवी आवृत्ती काढू नये पण जुनी ठरल्या वाट्याने विकत राहावी, एवढं कलम आधीच घातलं तरी पुष्कळ भागेल.

२०२३मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा तिथे २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळत नसल्याचं दिसलं. निदान ग्रंथालयांनी असे गेम संशोधकांना दुरून उघडू द्यावेत, ही मागणी तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४मध्ये फेटाळली. एक मोठी धास्ती अशी की लोक ते करमणुकीसाठी वापरतील. गेम कोणीतरी खेळेल, ही ती भीती! तेव्हा संशोधकाने ग्रंथालयात प्रत्यक्ष जायचं, शांतता पाळायची आणि फायटिंग गेमचा अभ्यास करायचा. दुसरी जॉयस्टिक अर्थातच ग्रंथपालबाईंनी धरायची, आणि त्या चुन-ली घेणार असतील तर माझा अभ्यास दोन मिनिटांत आटोपेल.