समीक्षकाला तंजावर दाखवा

'सिव्हिलायझेशन ७' हा संगणकावरचा खेळ फेब्रुवारी २०२५मध्ये बाजारात आला आणि 'युरोगेमर' या ब्रिटिश संकेतस्थळाच्या समीक्षकाने त्याला पाचपैकी दोन तारे दिले. माझं त्या गृहस्थाशी काही वाकडं नाही. तो हुशार असेल, त्याने खेळ रात्र-रात्र जागून खेळला असेल. पण त्याने तंजावर पाहिलेलं नाही, हे मी त्याला न भेटताच छातीठोकपणे सांगतो. तंजावर पाहिलेला माणूस या खेळाला दोन तारे देऊच शकत नाही. चार देईल. पुणेकर असेल तर साडेतीन, आणि अर्धा का कापला त्याची कारणं पाठपोट लिहून.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिड मायर नावाच्या गृहस्थाने १९९१मध्ये ही मालिका सुरू केली. एक संस्कृती निवडायची, नदीकाठी गाव वसवायचं, शेती करायची, लिपी शोधायची, शेजाऱ्याशी गोड बोलून त्याची सीमा खायची आणि असं करत करत हजारो वर्षं ओलांडायची. 'एवढा एक डाव झाला की झोपतो' हे या खेळातलं सर्वांत जास्त वेळा मोडलेलं वचन. आजवर एकदा निवडलेली संस्कृती शेवटपर्यंत आपली असायची. रोमन म्हणजे थेट अवकाशयान सुटेपर्यंत रोमन. सातव्या भागाने इथेच घोळ घातला. त्यात तीन युगं आहेत: प्राचीन, शोधसफरींचं आणि आधुनिक. युग संपलं की तुमची संस्कृती बदलते, नेता मात्र तोच राहतो. शिवाय नेता त्या संस्कृतीतलाच हवा असंही नाही. चोळांच्या गादीवर मॅकियाव्हेली बसू शकतो, मौर्यांचा कारभार बेंजामिन फ्रँकलिन पाहू शकतो. होय, खेळात चोळ आहेत, आणि तंजावरचं बृहदीश्वराचं देऊळ हे त्यांचं जगद्विख्यात आश्चर्यही आहे.

माझं ज्ञान भाच्याकडून आलेलं. बँकेने माझी तंजावरला बदली केली तेव्हा नातेवाइकांनी मला निरोप असा दिला की जणू मी परत येणारच नाही. एकटा भाचा तेवढा सुट्टीत राहायला आला, तोही लॅपटॉप घेऊन. खेळात त्याचं बृहदीश्वर अर्धवट बांधून झालेलं होतं. खरं देऊळ आमच्या पश्चिम राजवीथीवरच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे असं सांगितलं, तर म्हणाला, "मामा, आधी हे पुरं करतो, मग ते बघू. ते काय, तयारच आहे."

एका संध्याकाळी ओट्यावर बसून त्याने ती समीक्षा आणि तिच्या जोडीला तशाच आणखी काही जणांच्या तक्रारी मराठीत करून वाचून दाखवल्या. आवाज असा, की कोणाचा तरी डॉक्टरी अहवाल वाचतोय. ऐकायला मी होतो आणि आमचे घरमालक आजोबा होते. आजोबा तंजावरी मराठी. पूर्वज शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांच्याबरोबर आले, असं ते सांगतात. तंजावरात मराठी बोलणारा प्रत्येक जण हेच सांगतो, आणि बहुधा खरंच सांगतो. त्यांची मराठी आपल्या मराठीपेक्षा तीनशे वर्षांनी वडील आहे आणि तमिळ हेलात चालते. त्यामुळे माझी मराठी ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर नातवाचं पाठांतर ऐकल्यासारखा भाव असतो.

"पहिली तक्रार," भाचा म्हणाला, "युग संपलं की आपली संस्कृती एकदम बदलते. खेळणाऱ्याला हे आपलं राज्य वाटतच नाही."

"मग?" आजोबा म्हणाले.

हे 'मग' मराठीतलं सर्वांत छोटं प्रत्युत्तर असावं. तंजावरात आधी चोळ होते. मग पांड्य आले. मग विजयनगरच्या छायेत नायक आले, मग भोसले, मग कंपनी सरकार. गाव तेच, कावेरीचं पाणी तेच, भात तोच. वर तमिळ, तेलुगू, मराठी, इंग्रजी अशा पाट्या बदलत गेल्या. समीक्षकाच्या देशात कदाचित राज्यं पूर्वसूचना देऊन बदलत असतील. इथे तशी पद्धत नाही.

"दुसरी तक्रार," भाच्याने पान सरकवलं. "नेत्याचा आणि प्रजेचा काही संबंधच नाही. कोणी कुठलाही, राजा कशाचाही. हे पटत नाही."

यावर आजोबांनी चष्मा काढला. १६७३मध्ये मदुरेच्या नायकाने तंजावर घेतलं. तंजावरच्या नायकाचा वारस विजापुरी मदत मागायला गेला. आदिलशहाने आपले सरदार व्यंकोजीराजे भोसले यांना धाडलं. राजांनी वारसाला गादी मिळवून दिली आणि थोड्याच काळात त्या गादीवर स्वतः बसले. म्हणजे फारसी फर्मान, मराठी सरदार, तेलुगू गादी आणि तमिळ प्रजा. आता मॅकियाव्हेलीला चोळांवर बसवल्याबद्दल कोणी तक्रार करणार असेल, तर त्याने निदान मॅकियाव्हेली विजापूरमार्गे आला नाही याबद्दल तरी खेळाचे आभार मानावेत.

आणि संबंध नसलेल्या माणसाने काय करायचं, तेही तंजावरने दाखवून दिलं. व्यंकोजींचे चिरंजीव शहाजीराजे तेलुगूत नाटकं लिहू लागले आणि एक नाटक तर त्यांनी पाच भाषांत लिहिलं, म्हणजे कोणाचीच अडचण व्हायला नको. बरेच पुढचे सर्फोजीराजे, दुसरे, हे प्रकरणच वेगळं. शिक्षण श्वार्त्स नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे. छंद ग्रंथ जमवण्याचा, तोही युरोपपासून काशीपर्यंत. देवनागरी छापखाना घातला आणि १८०६मध्ये इसापनीती मराठीत छापली. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी चित्रांसकट ठेवल्या. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार, त्यात भविष्य सांगणारी कुरत्ती हवीच. तर राजांनी मराठीत कुरवंजी लिहून तिच्या तोंडून जगाचा भूगोल वदवला. नायिका विचारणार प्रियकराचं, आणि उत्तरात मिळणार खंड आणि समुद्र. शिवाय इंग्रजांनी नेपोलियनला पाडलं या आनंदात त्यांनी बंगालच्या उपसागराकाठी मनोरा उभारला. तमिळ किनारा, मराठी राजा, इंग्रजांचा विजय, फ्रेंचांचा पराभव. खेळात नेपोलियनही आहे. पण एवढं कडबोळं करायचं धाडस खेळ लिहिणाऱ्यांना झालेलं नाही.

"तिसरी तक्रार. लढाई ऐन रंगात येते, तेवढ्यात युग संपतं आणि फौजा गायब होतात."

इथे मात्र मलाच राहवलं नाही. १६७७मध्ये शिवाजी महाराज दक्षिणेत उतरले, कोळ्ळिडम नदीकाठी थांबले आणि धाकट्या सावत्र भावाला भेटीला बोलावलं. वडिलांच्या दौलतीतला अर्धा वाटा, हा विषय होता. भेट झाली, चर्चा रंगात आली, आणि एका रात्री व्यंकोजीराजे गुपचूप नदी ओलांडून तंजावरला निघून गेले. फौजेचं काय घेऊन बसलात, इथे समोरचा राजाच गायब झाला. महाराजांनी याबद्दल पत्रातून खडसावलं जरूर, पण तारे कापल्याची नोंद नाही.

युगाच्या शेवटी खेळात संकटं येतात, तुम्ही कितीही शहाणपणाने वागलात तरी येतात, हीसुद्धा लोकांची तक्रार. तंजावरच्या तुळजाजीराजांना विचारा. १७७३मध्ये कंपनी आणि अर्काटचा नवाब यांनी मिळून त्यांचं राज्य घेतलं. १७७६मध्ये कंपनीच्याच लंडनच्या संचालकांनी ते परत दिलं. परत द्यायला आलेल्या गव्हर्नर पिगटला त्याच्याच मद्रासच्या सहकाऱ्यांनी अटक केली आणि तो कैदेतच मेला. राज्य हातात येतंय न येतंय तोच १७८१मध्ये हैदरअलीने सगळा मुलूख जाळला. खेळात निदान संकट एका वेळी एकच येतं आणि आधी घंटा वाजते.

चौथी तक्रार अशी की मागच्या युगात कष्टाने उभं केलेलं पुढच्या युगात जुनाट ठरतं, त्याच्यावर नवं बांधावं लागतं. यासाठी मी दुसऱ्या दिवशी भाच्याला उठवलं आणि खऱ्या देवळात नेलं. राजराज चोळाने हे १०१०मध्ये पुरं केलं. अंबेचं देऊळ पांड्यांनी घातलं, सुब्रह्मण्याचं नायकांनी, तो प्रचंड नंदीही नायकांच्या काळातला. गणपतीच्या देवळाचा जीर्णोद्धार सर्फोजींनी केला आणि १८०३मध्ये भोसल्यांचा सगळा वंशेतिहास मराठीत कोरून भिंतीवर टाकला. भाडेकरू बदलला की प्रत्येकाने आपापला खिळा ठोकावा, तसं हे देऊळ. गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या वाटेत तर कमालच. नायकांची चित्रं, आणि त्यांच्याखाली चोळांची. १९३१च्या सुमारास अण्णामलै विद्यापीठाच्या एस. के. गोविंदस्वामींच्या ती नजरेस पडली. पुढे पुरातत्त्व खात्याने वरची चित्रं अलगद सोडवून निराळ्या फलकांवर बसवली आणि खालची उघडी केली. म्हणजे दोन्ही युगं शिल्लक. समीक्षकाने ज्याला घोळ म्हटलं, त्याला इथे युनेस्कोने वारसा म्हटलं आहे, तेही १९८७मध्येच.

राहिली शेवटची तक्रार: पडद्यावर माहितीच नीट मिळत नाही, काय कुठे आहे, कशाने काय वाढलं, कळत नाही. यावर राजराजाचा देवळातला लेख पाहावा. देवळासाठी आणलेल्या चारशे नर्तकींची नावं, कोण कुठल्या देवळातून आली आणि कुठल्या गल्लीत कितव्या घरात राहते, इथपर्यंत सगळं दगडात आहे. माहिती द्यायची म्हणजे अशी. तिथून सर्फोजींच्या सरस्वती महाल ग्रंथालयात जावं. तिथे मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. माहिती तिथेही सगळी आहेच, फक्त वाचता येणारा माणूस शोधावा लागतो. भाच्याने एक नमुना बराच वेळ निरखला आणि खेळातला पडदा आता अगदी स्वच्छ वाटतो, असं कबूल केलं.

तारे कापायचेच होते, तर माझ्याकडे खरं कारण होतं. खेळात चोळांनंतरची वाट मुघलांकडे जाते. आता मुघलांनी तंजावरकडून खंडणी घेतली असेल, पण इथे राज्य करणं त्यांना कधी जमलं नाही. नायक नाहीत, भोसले नाहीत. संध्याकाळी ओट्यावर मी हे तावातावाने मांडलं तेव्हा भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, लक्ष्मीबाई आहे. नंतरच्या पुरवणीत आली." आणि त्याने खरोखरच झाशीच्या राणीला चोळांच्या गादीवर बसवलं. तांब्यांची मनू, राज्य चोळांचं, आणि नकाशाच्या वरच्या कोपऱ्यात इंग्रजांचे पूर्वज नॉर्मन.

इथवर आजोबांनी पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता त्यांची खुर्ची लॅपटॉपजवळ आली. झाशी डलहौसीने १८५४मध्ये खालसा केली, तंजावर १८५५मध्ये. कारण एकच, गादीला औरस मुलगा नाही. तंजावरच्या कामाक्षीबाई राणीसाहेब कोर्टात गेल्या, मद्रासला जिंकल्या, आणि १८५९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला की ही सरकारची राजकीय कृती आहे, यात न्यायालयाला हात घालता येत नाही. पंचानेच सांगितलं की नियम समोरच्या खेळाडूला लागू नाहीत.

"हिला मूल आहे का?" आजोबांनी विचारलं.

"नाही, आजोबा."

"दत्तक घेता येतो?"

"तशी सोयच नाही. लागत नाही. यात राजा मरतच नाही."

आजोबांनी हे पुन्हा एकदा वदवून घेतलं. तिन्ही युगं? तिन्ही. डलहौसी आला तरी? आला तरी. मी इतका वेळ तंजावर साक्षीला ठेवून खेळ किती खरा आहे हे सिद्ध करत होतो. आजोबांनी त्यातली एकच अशक्य गोष्ट पकडली आणि निकाल देऊन टाकला.

"त्या साहेबाला कळव," ते म्हणाले, "पाचही दे म्हणावं. आणि तू काय बघतोस? आधी त्यांचं बंदर घे."