उतारामाहात्म्य

मराठीत उतारे चार. सातबाराचा उतारा, विषावरचा उतारा, दृष्ट काढून तिठ्यावर टाकायचा उतारा, आणि ज्याच्याखाली पाच प्रश्न असतात तो चौथा. पहिल्या तिघांनी फार तर जमीन, जीव आणि लेकरू वाचतं. चौथ्यानं नोकरी लागते. निदान नोकरीची आशा लागते. सदाशिव पेठेत खाटेपासून टेबलापर्यंत सगळं भाड्यानं मिळतं; आशा तेवढी ज्याची त्यानं गावाकडून आणायची असते.

मी गेली बारा वर्षं हा चौथा उतारा शिकवतो. वर्गाचं नाव ‘विज्ञान व समाज यांतून इंग्रजी शब्दसंपदा’. रोज सकाळी सातला एक उतारा, दोनशे-अडीचशे शब्दांचा. आज प्रवाळ, उद्या बालविवाह, परवा कृष्णविवर, तेरवा सांडपाणी. पोरं अवघड शब्दांखाली पेन्सिलीनं रेघ मारतात, ते वहीत उतरवतात, समोर अर्थ लिहितात, वाक्यात उपयोग करतात. मग मी डस्टर फिरवतो आणि प्रवाळ, बालविवाह, कृष्णविवर, सांडपाणी सगळं एका हातासरशी नाहीसं होतं. फळ्याइतकं जग स्वच्छ झालेलं दुसऱ्या कुठल्या धंद्यात दिसत नाही. तरीही या पद्धतीला नाकं मुरडणारे निघालेत, म्हणून तिची थोरवी लिहून ठेवतो.

थोरवी कळायची तर आधी वाडवडिलांच्या चुका बघाव्या लागतात. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढलं. एका बाजूला इंग्रजी, शेजारी मराठी. असा आयता जोडमजकूर हाताशी असताना या विद्वान माणसानं त्यातून शब्दांची एक यादी काढली नाही. उलट १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक सुरू करून भूगोल, इतिहास, विज्ञान असले विषय मराठीतूनच सांगायला बसले. कशासाठी, तर म्हणे लोकांना ते विषय कळावेत! पुढं १८४८ पासून लोकहितवादींनी ‘प्रभाकर’मध्ये शंभरावर पत्रं लिहिली. एकेका पत्रात एकेक विषय, लांबी बेताची, सोमवारच्या बॅचला चालेल अशी. पण एकाही पत्राखाली प्रश्न नाहीत. ‘वरील पत्रात लेखकाचा सूर कोणता? अ) उपहासाचा, ब) चिंतेचा, क) तटस्थ, ड) यांपैकी नाही’ एवढी एक ओळ टाकली असती तरी काम झालं असतं. लोक रागावले नसते, चिडले नसते, स्वतःच्या घरातल्या रूढींकडं वाकड्या नजरेनं बघू लागले नसते. पर्याय निवडून मोकळे झाले असते.

विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, असं आपण शाळेपासून ऐकतो. त्यातही एक ढिलाई आहेच. दूध पिऊन अंगात काही यावं, अशी अपेक्षा त्यात डोकावते. आम्ही ती काढून टाकली. आमची पोरं दुधाची चव घेत नाहीत. भांड्यावरचं लेबल पाठ करतात.

आमच्या पद्धतीचा खरा आदिपुरुष जर्मन आहे. हेर्मान एबिंगहाउस. स्मरणशक्ती मोजायची तर शब्दांचा अर्थ मध्ये लुडबुडतो, हे त्यांनी ओळखलं. म्हणून त्यांनी काहीच अर्थ नसलेले अक्षरसमूह बनवले, वर्षानुवर्षं स्वतःच पाठ केले आणि १८८५ साली हिशेब छापला. त्यात दिसलं ते असं, की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त तासाभरातच उतरून जातं. भोळे लोक याला वाईट बातमी समजतात. माझ्या वर्गाचा सगळा पाया याच आकड्यावर उभा आहे. ज्याच्या लक्षात राहिलं तो फी भरून गेला, तो गेलाच. विसरलेला विद्यार्थीच पुढच्या बॅचला परत येतो.

विरोधी पक्षात न्यूझीलंडचे पॉल नेशन हे प्राध्यापक आहेत. त्यांचं म्हणणं असं, की शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द आधीच ओळखीचे असतील तर उरलेल्या दोघांचा अर्थ संदर्भानं लागतो. वर्तमानपत्र किंवा कादंबरी तशी वाचायची तर आठ-नऊ हजार शब्दकुलं माहीत लागतात, हा त्यांचा २००६ सालचा हिशेब. आणि नवा शब्द पक्का व्हायला तो निरनिराळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. म्हणजे सरळ अर्थ असा, की सोपं, आवडीचं आणि भरपूर वाचा. ऐकायला छान आहे. पण ‘आवडीचं भरपूर वाचा’ या वाक्याची फी घेणार कशी? पावतीवर काय लिहिणार? शिवाय आवडीचं वाचणारा मुलगा वाचतच सुटतो. तो पाचव्या प्रश्नाला येऊन थांबत नाही. आमच्या उताऱ्यात दर सहावा शब्द अनोळखी असतो. एवढी काळजी घेतली की विषय डोक्यात शिरण्याची भीती उरत नाही.

यादीचं माहात्म्य तर वेगळंच. एका अमेरिकन परीक्षेसाठी केलेल्या जाडजूड याद्या अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात अजून मिळतात. त्या परीक्षेनं विरुद्धार्थी शब्दांचे प्रश्न २०११ मध्येच बंद केले. परीक्षा बदलते, यादी अक्षय आहे. तिचं पुण्यफल कुठल्याही अभ्यासिकेत तपासून पाहा. ‘ए’पासून सुरू होणारे शब्द विचारा, अ‍ॅबेट, अ‍ॅबरंट, अ‍ॅबेयन्स असा पाढा धडाधड येतो. ‘बी’ला आवाज उतरतो. ‘डी’च्या पुढं शुकशुकाट. दर जानेवारीला नवा संकल्प, दर जानेवारीला पुन्हा ‘ए’. वारकरी दरवर्षी त्याच वाटेनं जातो, त्याला कुणी हसत नाही; मग यांनाच का हसावं? फरक एवढाच, की वारी पंढरपूरला पोचते.

आता पद्धतीचं तेज दाखवणारी दोन उदाहरणं सांगतो.

पहिलं मधमाश्यांचं. सांगोल्याकडचा एक मुलगा माझ्याकडं आहे. घरी डाळिंबाची बाग. त्या दिवशी उतारा परागीभवनाचा होता. माश्या फुलांवरून फिरल्या नाहीत तर फळ धरत नाही. फुलोऱ्यात केलेली फवारणी त्यांना मारते. युरोपीय संघानं २०१८ साली इमिडाक्लोप्रिडसह तीन कीटकनाशकांचा उघड्या शेतातला वापर बंद केला, असा सगळा मजकूर. यादीत घेतलेले शब्द तीन: पॉलिनेटर, डिट्रिमेंटल, प्रिकॉशनरी. पोरानं पाचपैकी पाच सोडवले. ‘लेखकाचा सूर’ या प्रश्नाला वर्गातले निम्मे चुकतात, यानं ‘चिंतेचा’ बरोबर ओळखला.

मधल्या सुट्टीत त्याच्या वडलांचा फोन आला. गावाकडची माणसं फोनवर रानातल्यासारखं बोलतात, त्यामुळं आम्हा सगळ्यांनाच ऐकू आलं. “आरं, औंदा फुलं लय हायती, पण सेटिंग धरंना. माश्याच दिसंनात. दुकानदार म्हणला फवारा मारा, म्हणून सकाळच्याला मारला बघ.” मग त्यांनी बाटलीवरचं नाव एकेक अक्षर जोडून वाचलं, “इ-मि-डा...” पोरगा म्हणाला, “बरं आप्पा, ठेवतो, लेक्चर सुरू व्हायलंय.”

जाग्यावर बसल्यावर मात्र त्यानं हात वर केला.

“सर, इमिडाक्लोप्रिड यादीत घ्यायचं का?”

मी म्हणालो, “नको. रसायनाचं नाव आहे. त्याला समानार्थी शब्द नाही. परीक्षेत येत नाही.”

त्यानं लगेच खोडलं. शिस्तीचा मुलगा.

याच उताऱ्यानंतर एक मुलगी हट्टाला पेटली. पुण्यातच १९६२ पासून केंद्र सरकारची मधमाश्यांवर संशोधन करणारी संस्था आहे, तिथं आपण सगळे जाऊ या, पेट्या कशा ठेवतात ते विचारू या, म्हणे. मी तिला समजावलं, की तिथं जायला हरकत नाही, पण तिथली माशी चावली तर त्यातून शब्दसंपदा वाढत नाही. वाढते ती फक्त सूज.

दुसरं उदाहरण समाजाचं. उतारा प्राचीन अथेन्सचा. तिथले नागरिक नको झालेल्या माणसाचं नाव खापरीच्या तुकड्यावर खरडत, आणि मतं पुरेशी पडली की त्याला दहा वर्षांसाठी नगराबाहेर काढत. खापरीला ग्रीकमध्ये ऑस्ट्रकन म्हणतात, त्यावरून क्रियापद आलं ऑस्ट्रसाइझ. वाळीत टाकणं. व्युत्पत्ती सांगितली की शब्द पक्का बसतो. मी म्हटलं, करा वाक्यात उपयोग.

बहुतेकांनी ‘अथेन्सच्या लोकांनी त्याला ऑस्ट्रसाइझ केलं’ असं सुरक्षित वाक्य लिहिलं. कोकणातला एक अबोल मुलगा मागच्या बाकावर बसतो. त्यानं लिहिलं होतं, ‘माझ्या कुटुंबाला गावकीनं दोन गणपतींपासून ऑस्ट्रसाइझ केलं आहे.’

वर्ग जरा गप्प झाला. अशा वेळी शिक्षकाची कसोटी लागते. मी वही नीट वाचली. काळ बरोबर होता, कर्ता-कर्म जागच्या जागी होते. फक्त शब्दाच्या शेवटी त्यानं एकदा ‘एस’ आणि खालच्या ओळीत ‘झेड’ लिहिलं होतं. मी म्हणालो, “ब्रिटिश ठेव नाहीतर अमेरिकन ठेव, पण एकच काहीतरी ठेव.” पूर्ण गुण दिले. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रानं २०१६ साली स्वतंत्र कायदा केला आहे, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण ते उताऱ्यात नव्हतं, आणि उताऱ्याबाहेरची माहिती वापरून उत्तर देऊ नये हा तर आमचा पहिला नियम. अथेन्सची मुदत दहा वर्षांची होती. त्याच्या गावाच्या मुदतीबद्दल उताऱ्यात काही दिलेलं नव्हतं.

आक्षेप घेणारे विचारतात, की इतके उतारे वाचून पोरांना विज्ञान का येत नाही, समाज का कळत नाही? हा प्रश्नच उलटा आहे. लग्नात अक्षता टाकतात म्हणून कुणी भात शिजला का विचारत नाही. विज्ञान आणि समाज या आमच्या अक्षता आहेत. हवा तापते ती आम्हाला ‘मिटिगेट’ मिळावा म्हणून. भूजल आटतं ते ‘डिप्लीट’साठी. दुष्काळ पडला की ‘एक्झॅसर्बेट’ आणि ‘व्हल्नरेबल’ एकाच परिच्छेदात सापडतात. असं पीक सुकाळात येत नाही.

आणि खर्चाचं म्हणाल तर सांगोल्याच्या आप्पांनी पोराच्या फीसाठी सोसायटीचं कर्ज काढलंय. सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढलाय. पोरानं एकदा फोनवरचा फोटो दाखवून विचारलं, “सर, यातलं नेमकं काय वाचायचं असतं?” मला ते सांगता आलं नाही, तो उतारा मराठीत होता आणि त्याच्याखाली प्रश्न नव्हते. पण योग बघा. पहिल्या उताऱ्यावर बोजा, चौथ्या उताऱ्याला पाचपैकी पाच. एका घरात दोन उतारे एकाच वर्षी चढले.

माहात्म्य म्हटलं की फलश्रुती आली. जो हे नित्य सोडवील त्याला शब्द लाभतील आणि त्यांच्या मागची वस्तू त्रास देणार नाही. ज्याला मुलाखतीचं बोलावणं येईल, त्याला ‘सस्टेनेबल’ हा शब्द प्रत्येक उत्तरात घालता येईल. ज्याला येणार नाही, त्याला पुढच्या बॅचला दहा टक्के सवलत मिळेल.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सांगोल्याचा तो मुलगा गावी जाऊन आला. आईनं त्याच्यावरून मीठ-मोहरी, मिरच्या, भाकरीचा तुकडा ओवाळून उतारा तिठ्यावर टाकला होता. टाकला की मागं वळून बघायचं नसतं, असं तिनं बजावलं होतं. मी म्हणालो, “आईला नमस्कार सांग. मी बारा वर्षं हेच शिकवतोय. सोडवून झाला की उताऱ्याकडं मागं वळून बघायचं नाही.”

तो निघाला. दारापर्यंत गेला आणि वळला.

“सर, तो मधमाश्यांचा उतारा परत मिळंल का? आप्पांना वाचून दाखवायचाय. मराठीत करून.”

मी सांगितलं, झालेला उतारा आम्ही ठेवत नाही. तरी तो तिथंच उभा राहिला, वहीची मागची पानं उलटत, खोडलेलं काहीतरी उजेडात धरून वाचत.

हुशार मुलगा. पण मागं वळून बघायची खोड लागली की पोरं हातची जातात.